पालखी पुढे गेल्यानंतर

आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर मागे टाकून मेडशीकडून वाशिम जिल्ह्यात शिरते आणि मालेगाव, शिरपूर, रिसोड करत पुढे हिंगोलीच्या वाटेला लागते. दिवस पेरणीचे असतात. कोणाचं बियाणं घ्यायचं राहिलेलं असतं, कोणी उसनवारीसाठी फिरत असतं, आणि आभाळाकडे तर सगळ्यांचेच डोळे लागलेले असतात. तरीही वाटेवरचं गाव त्या दिवशी आपली विवंचना बाजूला ठेवतं. पहाटे रस्त्यावर सडा पडतो, शाळेच्या आवारात चुली पेटतात. कोणी केळी वाटतं, कोणी थंड पाण्याच्या कॅन घेऊन उन्हात उभं राहतं, कोणी ओळखपाळख नसलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याचे भेगाळलेले पाय धुऊन त्यांना तेल चोळतं. ‘बसा न माउली, दोन घास खाऊन जा’ हा आग्रह घरोघरी चालतो. त्यात दिखावा नसतो. ज्याच्या घरात उद्याच्या डाळीची भ्रांत आहे, तोही पिठलं-भाकरीचं ताट पुढे करतो. माणसाच्या चांगुलपणावर ज्याचा विश्वास उडाला असेल त्याने जूनमध्ये एकदा या रस्त्यावर येऊन उभं राहावं.

मला जे म्हणायचं आहे ते पालखी पुढे गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

कारण गाव तेच असतं आणि माणसंही तीच. वारकऱ्याचे पाय धुणारा हात दुसऱ्या दिवशी बँकेच्या खिडकीमागे असतो, रेशनच्या मशीनवर असतो, बाजार समितीत धान्याच्या ढिगात असतो, आरोग्य केंद्रात केसपेपरवर असतो. समोर उभा राहणारा माणूसही थकलेलाच असतो, त्याच्याही टाचा फुटलेल्या असतात. पण तो माउली नसतो. तो ‘पुढचा’ असतो. ‘चला, पुढचा.’ हा बदल एका रात्रीत कसा होतो, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. दयेबद्दल आपल्याकडे कीर्तनं होतात, शाळेत निबंध लिहून घेतले जातात, फलक रंगवले जातात. पण बोलणं बहुतेक वेळा मोठ्या दयेबद्दल असतं, अन्नदानाबद्दल, त्यागाबद्दल. आयुष्य मात्र छोट्या दयेवर चालतं आणि ती नसली की आतल्या आत मोडतं.

वाटसरूवर दया करणं तुलनेने सोपं आहे, हे मान्य करायला हवं. वाटसरू उद्या निघून जाणार असतो. त्याच्याशी आपला धुऱ्याचा वाद नसतो, त्याच्याकडे आपले पैसे अडकलेले नसतात, गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो आपल्या विरोधात उभा राहिलेला नसतो. त्याला दिलेल्या भाकरीचा हिशेब तिथेच मिटतो, वर पुण्याचं समाधान पदरी पडतं. रोज समोर येणाऱ्या माणसाशी मात्र जुना हिशेब असतो. त्याला एकदा मदत केली तर तो पुन्हा येईल ही धास्ती असते. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट ही की, आपला त्याच्यावर थोडा अधिकार चालतो. दयेची खरी परीक्षा या अधिकारापाशीच होते.

२०२०च्या टाळेबंदीत ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळाली. नागपूर–औरंगाबाद हा जुना महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगाववरून जातो. मे महिन्याच्या उन्हात त्या रस्त्याने मजूर पायी चालले होते, कडेवर लेकरं, डोक्यावर गाठोडी. विदर्भातल्या अशा कितीतरी रस्त्यांवर गावकऱ्यांनी आपणहून खिचडी शिजवली, चपला दिल्या, लेकरांना दूध दिलं. आणि त्याच दिवसांत पुण्या-मुंबईहून परतलेल्या आपल्याच गावच्या पोरांना वेशीवर अडवलं गेलं. कोणी शाळेत राहिलं, कोणी शेतातल्या झोपडीत. रोगाची भीती खरी होती, वेगळं ठेवणं गरजेचंही होतं. पण ठेवताना ज्या शब्दांत ठेवलं गेलं, ते शब्द त्या पोरांच्या आईबापांना आजही टोचतात. परक्याला पोटभर खिचडी आणि घरच्याला टोमणा, असं अनेक गावांत घडलं. परक्याला दिलेली खिचडी खोटी होती असं मी म्हणत नाही. दया आपल्यात आहे; ती जवळच्या माणसापर्यंत, रोजच्या माणसापर्यंत पोहोचायची राहते.

आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी अनुदान जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेसमोर किंवा ग्राहक सेवा केंद्रासमोर जाऊन पाहावं. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, २०२३मध्ये तिची रक्कम महिन्याला दीड हजार झाली. ओट्यावर म्हाताऱ्या बाया सकाळी आठपासून बसलेल्या असतात. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. खेड्यातून पहिल्या एसटीने यायचं तर चहाही घोटभरच पोटात गेलेला असतो. नंबर लागतो. यंत्रावर अंगठा ठेवा. पुन्हा ठेवा. दुसरं बोट ठेवा. पुसून ठेवा. यंत्र काही घेत नाही. त्या बाईने आयुष्यभर निंदण केलं, कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं. बोटांवरच्या रेषा कधीच्या झिजून गेल्या. कष्ट केल्याचा पुरावा म्हणून याहून मोठं काय दाखवायचं? पण यंत्राला कष्ट कळत नाहीत, रेषा कळतात.

इथे खिडकीमागच्या माणसापुढे दोन वाटा असतात. ‘नाही लागत अंगठा, व्हा बाजूला, उद्या या’ ही एक. ‘माय, बस जराशी सावलीत, हात धुऊन घे, गर्दी सरली की पुन्हा लावून पाहू’ ही दुसरी. त्या क्षणी पैसे दोन्ही वाटांनी मिळत नाहीत. म्हणून कोणी म्हणेल, फरक काय पडला, बोलण्याचाच ना? पडतो, आणि तो पैशांतही मोजता येतो. पहिल्या वाटेने गेलेली बाई उद्या येत नाही. रोज एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण सोसणार? ती आठवडाभराने नातवाला सोबत घेऊन येते, म्हणजे त्याचीही मजुरी बुडते. किंवा ती गावातल्याच एखाद्याला पासबुक देऊन टाकते आणि तो त्यातले दोनशे आपले म्हणून ठेवून घेतो. दुसऱ्या वाटेने गेलेल्या बाईला कोणीतरी सांगतं की आधारमध्ये बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घे, केंद्र अमुक ठिकाणी आहे, जाताना हा कागद ने. तिचं काम होतं. दोन मिनिटांच्या आपुलकीने एका घराचे दोन-तीन रोज वाचतात. दयाळूपणाला आपण मनाची गोष्ट समजतो. तालुक्याच्या गावात तो मजुरीच्या हिशेबातही दिसतो.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. शेतकऱ्यांच्या चळवळीत वाढलेली माणसं म्हणतात, आम्हाला गोड बोलणं नको, भाव द्या. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात बहुतेक काळ त्याच्या खालीच विक्री झाली. ज्याचा एवढा तोटा झाला त्याला व्यापाऱ्याने ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हटलं तर काय फरक पडतो? उलट गोड बोलून गळा कापणारे आपण कमी पाहिलेत का? दलित वस्तीतला शिकलेला तरुण हाच आक्षेप अधिक धारदार करून मांडतो. दयेच्या नावाखाली आम्हाला पिढ्यानपिढ्या उष्टं वाढलं गेलं, तो म्हणतो. आता दया नको, हक्क हवेत.

मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, एक बाब सोडून. दया हक्काच्या जागी बसवता येणार नाही. महात्मा फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. यात करुणा तर होतीच, पण हौद खुला करणं हे पाणी वाढण्याहून वेगळं होतं. वरून ओंजळीत पाणी ओतणाऱ्याच्या हातात सत्ता राहते. हौद खुला केला की येणारा आपल्या हाताने पाणी घेतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये करुणेपाशी न थांबता मैत्रीपर्यंत जायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात बौद्ध वस्ती मोठी आहे, गावोगाव विहारांत हा ग्रंथ वाचला जातो. तिथे ही गोष्ट मी सांगण्याची गरज नाही. कीव करणाऱ्याची मान वर आणि घेणाऱ्याची खाली, अशी दया कोणालाच नको आहे आणि मीही तिची वकिली करत नाही.

पण ज्या बाबतीत मी या आक्षेपापासून वेगळा होतो ती ही: हक्क कागदावर मिळतो, तो हातात मात्र माणसाकडूनच पडतो. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलं, न दिल्यास अपील करता येतं. चांगला कायदा आहे. त्याने दिवस ठरवून दिले. दाखला मागायला आलेल्या माणसाला उभं ठेवायचं की बसवायचं, हे कुठलाच कायदा ठरवू शकत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. आमच्या बाया बाजाराला, माहेरी, दवाखान्यात जाऊ लागल्या, हे डोळ्यांनी दिसतं. पण त्याच गाड्यांमध्ये ‘अर्ध्या तिकिटात निघाल्या फिरायला’ हेही कानांनी ऐकू येतं. सवलत सरकारने दिली, टोमणा सहप्रवाशाने. आणि तो टोमणा ऐकलेली बाई पुढच्या वेळी सीट मोकळी असूनही दाराशी उभी राहते. हक्काला माणुसकीची जोड मिळाली नाही तर तो हक्कही भिकेसारखा पदरात पडतो. म्हणून हक्क मागणाऱ्यांनी दयेला शत्रू मानू नये. तिच्यावाचून त्यांनी लढून मिळवलेली गोष्ट अर्धीच पोहोचते.

बाजार समितीचंही तसंच आहे. भाव व्यापाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतो, तो तेलाच्या आयातीवर, पेंडीच्या मागणीवर, कारखान्यांच्या दरावर ठरतो, हे शेतकऱ्यालाही कळतं. त्याला लागतं ते वेगळंच. रात्रभर ट्रॅक्टरवर बसून आणलेला माल तो फरशीवर ओततो. लिलावाचा घोळका येतो. एक जण मूठभर दाणे उचलतो, दोन दाताखाली धरतो, बाकीचे ढिगावर फेकतो. ‘ओला आहे. माती आहे. कुठून आणलं रे हे?’ ओलाव्याचं यंत्र असतं, पण त्यावरचा आकडा शेतकऱ्याला दिसेल असा क्वचितच धरला जातो. शंभर-दोनशे रुपये कमी झाल्याचं दुःख तो पचवतो. गावातल्या चार माणसांसमोर आपल्या वर्षभराच्या मेहनतीला कोणी नाक मुरडलं, हे त्याला पचत नाही. घरी गेल्यावर तो भावाबद्दल बोलतो, त्या वाक्याबद्दल बोलत नाही. सांगायला लाज वाटते अशा गोष्टी माणसाच्या मनात सगळ्यांत जास्त दिवस राहतात.

इथे आत्महत्यांचा विषय टाळता येणार नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांमध्ये वाशिम होतं. कर्ज, नापिकी, सिंचनाचा अभाव, आजारपणाचा खर्च, ही कारणं अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा मांडली आहेत आणि ती खरी आहेत. चांगलं बोललं की आत्महत्या थांबतील, असं म्हणणं हा त्या कुटुंबांचा अपमान ठरेल. पण मनाच्या बाजूने केलेल्या कामाचा उपयोग होतो, याला आपल्या शेजारचाच आधार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी जायचं, उदास दिसणाऱ्याशी बोलायचं, ऐकून घ्यायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं, असं त्याचं स्वरूप. दीड वर्षाच्या कामानंतरचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आले असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी दुसरी गावं घेतलेली नव्हती, म्हणून सगळं श्रेय त्या कामालाच देता येत नाही. तरी एवढं नक्की की, दार वाजवून ‘काय चाललंय, झोप लागते का, जेवता का नीट’ असं कोणी विचारलं तर माणूस बोलतो. आपल्याकडे सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई हेच काम करतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोनला पैसे लागत नाहीत. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या फोनमध्ये ठेवावा आणि घरात एखाद्याचं बोलणं कमी झालं असेल तर त्याला दाखवावा.

आणि नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बाईचं काय? मदतीचे एक लाख रुपये मिळवायचे तर पंचनामा, सातबारा, कर्जाचा दाखला, चौकशी. चौकशीत व्यसनाचा, घरगुती भांडणाचा प्रश्न निघतोच. प्रश्न नियमात बसत असतील, पण ते नवऱ्याची चिता विझली न विझली तोच, दहा माणसांच्या देखत, दारात उभं राहून विचारले जाऊ नयेत, एवढं तरी आपण पाहू शकतो. घरात बसून, सासूला किंवा बहिणीला जवळ घेऊन, हळू आवाजात तेच विचारता येतं. अहवाल तोच लिहिला जातो. नंतर वर्षभर ती बाई हळदी-कुंकवाच्या दारातून परत फिरते, लग्नात मागच्या रांगेत बसते. हे कोणी सरकारी माणूस करत नाही, आपण करतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. हेरवाडच्या लोकांचं मन आपल्याहून मोठं होतं असं मला वाटत नाही. त्यांनी मनातली गोष्ट ठरावाच्या वहीत उतरवली, हा फरक.

दया मनःस्थितीवर सोडली की ती ज्याला मिळायला हवी त्याला मिळत नाही. ती ओळखीच्याला मिळते, जातीतल्याला मिळते, नीट बोलता येणाऱ्याला मिळते. म्हणून तिची व्यवस्था लावावी लागते. हे आपल्या भागात गाडगेबाबांइतकं कोणी ओळखलं नाही. कारंजाच्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी त्यांचं बालपण गेलं. लोकांना ते हातातल्या खराट्यासाठी आठवतात; मला त्यांच्या धर्मशाळा अधिक मोलाच्या वाटतात. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे गरीब यात्रेकरू रात्री उघड्यावर झोपायचे. एखाद्या रात्री दहा जणांना घोंगडी पांघरली असती तरी बाबांची कीर्ती झाली असती. त्यांनी लोकांकडून पैसे जमवून इमारती बांधल्या, नियम केले, विश्वस्त नेमले आणि आपल्या घरच्यांचा त्यावर काही हक्क राहणार नाही हेही पाहिलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबा १९५६ला गेले. त्यांची दया मात्र त्यांच्या मूडवर, हयातीवर, ओळखीवर अवलंबून राहिली नाही. आलेल्याला छप्पर मिळतं, मग दारावर कोणी का असेना.

शेगावला गेलेल्या प्रत्येकाने दुसरं उदाहरण पाहिलं आहे. तिथे गर्दी किती असते ते सांगायला नको. तरी सेवाधारी प्रत्येकाला माउली म्हणतो, रांगेतल्या म्हाताऱ्याला हात देतो, चप्पल हातात घेताना तोंड वाकडं करत नाही. हे सेवाधारी कुठल्या वेगळ्या मुलखातून आणलेले नाहीत. ते विदर्भ-मराठवाड्यातलेच शेतकरी, दुकानदार, नोकरदार, पाळीपाळीने बिनपगारी सेवेला जाणारे. त्यात वाशिमचेही आहेत. त्यांना तिथे वागायचं कसं हे शिकवलं जातं, कामाचे तास ठरलेले असतात, पाळी संपली की दुसरा येतो. म्हणजे स्वभाव वगैरे काही नाही. रीत आहे, सराव आहे आणि थकल्यावर सुट्टी आहे. जे आठवडाभर शेगावला जमतं ते मंगरूळपीरच्या तहसीलमध्ये जमणार नाही असं म्हणायला काही आधार नाही.

थकण्याचा मुद्दा मी मुद्दाम घेतो, कारण खिडकीमागच्या माणसाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. साठ प्रवाशांच्या गाडीत नव्वद कोंबलेले आणि सुट्ट्या पैशांवरून प्रत्येकाशी वाद घालायचा, अशा कंडक्टरकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोण करणार? तीन जणांचं काम एकटी करणारी सिस्टर सहाव्या तासानंतर चिडणारच. दुसऱ्यांच्या दुःखाची चौकशी करणाऱ्या आशाताईंना २०२३ आणि २०२४मध्ये आपल्याच मानधनासाठी संपावर बसावं लागलं. वरून खालपर्यंत प्रत्येक जण आपल्या वरच्याचं ऐकून घेतो आणि खालच्याला ऐकवतो. साहेब कारकुनाला, कारकून शेतकऱ्याला, शेतकरी घरी बायकोला, ती लेकराला. दयाळूपणाची मागणी करायची तर रिकामी पदं भरण्याची मागणीही त्याच तोंडाने करावी लागेल. जो वरिष्ठ आपल्या कर्मचाऱ्याला माणूस म्हणून वागवत नाही त्याने कार्यालयात सौजन्याची पाटी लावू नये.

जाता जाता रोह्यांबद्दल, म्हणजे नीलगायींबद्दल बोलायला हवं, कारण दयेची आणखी एक बाजू तिथे दिसते. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट आहेत, जिल्हाभर रोही आहेत. त्यांना मारू नये हे मलाही पटतं. पण शहरात बसून त्यांच्यावर दया करणाऱ्याला त्या दयेची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो तो हरभऱ्यात रात्रभर जागलीला बसणारा शेतकरी, बॅटरी आणि फुटका डबा घेऊन, जानेवारीच्या थंडीत. दया एकाने दाखवायची आणि भरपाई दुसऱ्याने द्यायची, हा व्यवहार न्यायाचा नाही. प्राण्यांवर खरंच प्रेम असेल तर कुंपणाच्या अनुदानासाठी आणि वेळेवर मिळणाऱ्या नुकसानभरपाईसाठी प्राणिप्रेमींनी शेतकऱ्याच्या बरोबरीने उभं राहावं.

आता मोजमापाकडे येऊ. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. २०१८ साली नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये त्याचं नाव घातलं आणि ४९ निर्देशांकांवर दरमहा मोजणी सुरू झाली. आरोग्य, शिक्षण, शेती, बँक खाती, रस्ते. हे सगळं मोजायलाच हवं, त्यातून कामं झालीही आहेत. पण किती खाती उघडली हे मोजलं जातं, खातं वापरायला आलेल्या बाईला किती वेळ उभं राहावं लागलं हे मोजलं जात नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणांची संख्या मोजली जाते, कळा देणाऱ्या पोरीवर कोणी ओरडलं का, हे कोणी विचारत नाही. अशा ओरडण्याला घाबरून पुढच्या वेळी उशिरा येणाऱ्या बाया असतात, हे कुठल्याही अनुभवी सुईणीला विचारावं. जे मोजलं जात नाही त्याची लाज कोणाला वाटत नाही. जिल्ह्याने आपल्यापुरता पन्नासावा निर्देशांक ठरवावा.

हे कोणी वरून करून देणार नाही, म्हणून वाचकांना एक विनंती. २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोयाबीन बाजारात यायच्या तोंडावरच येते. त्या सभेत एक ठराव मांडा. आपल्या तालुक्याच्या बाजार समितीत ओलाव्याच्या यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याला वाचता येईल असा धरला जावा, लिलावाच्या फरशीजवळ सावली आणि पाणी असावं. बँक आणि सेवा केंद्रांसमोर अनुदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांसाठी बाक असावा आणि कागद भरून द्यायला गावातलं एक शिकलेलं पोर पाळीपाळीने बसावं. पतीच्या मरणाची चौकशी घरात बसून, बाईमाणूस सोबत घेऊन व्हावी. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. ठरावाची प्रत बाजार समितीच्या सचिवांना, बँकेच्या व्यवस्थापकांना आणि तहसीलदारांना द्या, पोच घ्या आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेत काय झालं ते उभं राहून विचारा.